अभिप्रायाचा रकाना

वाचनालयातले टिळेकर म्हणाले,
"ओहोळबाई, हे तुमच्या खात्यातलं.
लढाई, दवाखाना, नर्स.
परत करताना वहीत दोन ओळी लिहा."

चारशे अठरा पानं.
मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने वाचली,
रोज तीस, दुपारची,
खाली खडकी बाजारातली गिरणी चालू असताना.

आता ऐका.

नायिकेचा गणवेश
तिसऱ्या प्रकरणात पांढरा, अकराव्यात पांढरा,
शेवटच्या पानावरही पांढराच.
मी म्हणते, धुतला कोणी?
एका रात्रीत एकशे चाळीस जखमी उतरले
(आकडा तुमचाच)
आणि पुस्तकभर एक बेडपॅन नाही?
सुयांना दगडावर धार लावायची,
उकळायच्या, मोजायच्या.
काचेची सिरिंज फुटली तर मेट्रन अशी बघायची
की माणूस गेला असता तरी परवडलं असतं.
हे गाळलंत.

वासही गाळलात.
'औषधांचा उग्र दर्प' लिहून मोकळ्या झालात.
सडत्या पायाला गोड वास येतो, लेखिकाबाई,
फडताळात विसरलेल्या सीताफळाचा.
सासवडची सीताफळं दारावर येतात दरवर्षी,
मी दार लावून घेते.

आणि तो कॅप्टन!
ताप एकशे चार, तरी त्याला शेर सुचतात.

आमच्याकडे लान्स नायक येवले आले होते.
एकाहत्तरचा डिसेंबर, काचांना काळे कागद.
त्यांनी शेवटी आईला हाक मारली नाही,
देशालाही नाही.
विचारलं, "सिस्टर, घड्याळाला चावी दिली का?"
दिली, म्हटलं.
दिली नव्हती.
मग दिली.
भाऊ जुन्नरहून येईपर्यंत सहा दिवस,
रोज सकाळी, टेंपरेचर घ्यायच्या आधी.
रजिस्टरात त्याला रकाना नव्हता.

हे सगळं समासात लिहायचं म्हणून
पेन्सिलीला टोक काढून बसले होते.

पान दोनशे बारा.
रात्रपाळी संपवून दोघी मेसमध्ये बसल्यात.
रात्रीत चार गेलेत.
आमटी अळणी.
एक म्हणते, "मीठसुद्धा कामी आलं वाटतं,"
आणि दोघी हसत सुटतात,
ताटावर कपाळ टेकून, नाकातून पाणी येईस्तोवर.
दारात पाद्री येऊन उभा राहतो
तरी थांबत नाहीत.

पेन्सिल खाली ठेवली.

आम्हीही हसलो होतो.
एस्तेर भांबळ आणि मी, त्याच पहाटे,
येवल्यांची चादर मोजून धोबीखात्यात टाकली त्यानंतर.
वॉर्डबॉयने थंडीला म्हणून
डोक्यावर ड्रेसिंगची पिशवी ओढली होती,
एवढंच.
पोट धरून बसलो जिन्यात.

हे नवऱ्याला सांगितलं नाही.
प्रभूला सांगितलं, तेही दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं.
एस्तेर तर मरेपर्यंत बोलली नाही.

मग हिला कोणी सांगितलं?
मलपृष्ठावरच्या फोटोत जेमतेम तिशीची,
कानात एवढाले डूल.
कुठल्या म्हातारीने तोंड उघडलं?
की नुसतंच टेबलाशी बसून
एकामागून एक खोटं रचताना
वाट चुकून आमच्या जिन्यात आली ही पोरगी?

सोमवारी पुस्तक परत केलं.
दोन दिवस उशीर, चार रुपये दंड.
टिळेकरांनी वही सरकवली.
माझ्या आधी कुणीतरी लिहून गेलं होतं:
'अंगावर काटा आला. नायिकेला सलाम.'

मी लिहिलं:
'टाइप बारीक आहे. चुका पुष्कळ.
दुसरी प्रत मागवावी.'

टिळेकरांनी चष्मा वर केला.
"चुका आहेत म्हणता, मग दुसरी प्रत कशाला?"

मी उन्हाची छत्री शोधत राहिले.
ती माझ्या हातातच होती.